दुकानासाठी बारकोड स्कॅनर कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॅनर निवडायला स्कॅनरपासून सुरुवात करू नये. आधी फळीवरचा माल, त्यावरची लेबले, काउंटरची मांडणी आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर पाहावे. एवढे नीट पाहिले की कोणता स्कॅनर घ्यायचा हे जवळपास ठरूनच जाते. नवा स्कॅनर आणूनही त्रास तसाच राहिला, तर कारण बहुतेक वेळा छापलेल्या लेबलात किंवा एखाद्या सेटिंगमध्ये निघते. म्हणून या पानावर त्या दोन गोष्टींना खरेदीइतकीच जागा दिली आहे.

लेझर, सीसीडी आणि टूडी यांत फरक काय? कोणता घ्यावा?

लेझर स्कॅनरमध्ये एक छोटा आरसा सतत हलत असतो. त्यावरून परतणारा लाल किरण पट्ट्यांवर पुढेमागे फिरतो आणि परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून पट्ट्यांची रुंदी मोजली जाते. सीसीडी, म्हणजे लिनिअर इमेजर, एलईडीचा उजेड पाडतो आणि सेन्सरच्या एका ओळीने बारकोडचा एकच आडवा छेद टिपतो. त्यात हलणारा भाग नसतो. टूडी इमेजर मात्र सरळ कॅमेराच असतो, रेघांचे आणि क्यूआरसारखे चौकोनी (टूडी) असे दोन्ही कोड वाचणारा. तो पूर्ण चित्र घेतो, त्यातला कोड शोधतो आणि मग वाचतो. त्यामुळे वस्तू आडवी, तिरकी, उलटी कशीही धरली तरी चालते.

आज नवी खरेदी करत असाल तर टूडीच घ्या. लेझरची रेघ पट्ट्यांना आडवी जुळवून धरावी लागते, आणि दिवसभर बिल करणाऱ्याचा खरा वेळ तिथेच जातो. शिवाय स्कॅनर वारंवार आपटला की आरशाची यंत्रणाच आधी दगा देते. सीसीडी मागच्या खोलीत माल उतरवून घेण्यापुरता ठीक आहे. तोही तिथे येणाऱ्या खोक्यांवर रेघांचेच कोड असतील तर.

आमच्या मालावर रेघांचेच बारकोड आहेत. मग टूडी कशाला?

पहिले कारण मोबाइलचा पडदा. कूपन, सभासद कार्ड, ऑनलाइन ऑर्डरचा क्रमांक हे सगळे ग्राहक आता मोबाइलवर दाखवतात. लेझर स्वतःच्या किरणाचे परावर्तन मोजतो. पडद्यावरच्या काळ्या आणि पांढऱ्या भागांवरून ते जवळपास सारखेच होते, म्हणून लेझरला तिथे कोड दिसतच नाही. टूडीला तो चित्र म्हणून दिसतो.

दुसरे कारण खराब लेबले. चुरगळलेल्या पिशवीवर किंवा ओलसर बाटलीवर लेझरला नेमकी धड जागा सापडावी लागते. टूडी पूर्ण चित्रातून ती स्वतः शोधतो.

तिसरे कारण पुढच्या काळाचे आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटच्या काउंटरवर च्युइंग गमचे पाकीट स्कॅन झाले, तेव्हापासून रेघांचा कोड ‘ही वस्तू कोणती’ एवढेच सांगत आला आहे. २०२७ च्या अखेरीपर्यंत दुकानांच्या काउंटरांवर रेघांच्या कोडसोबत टूडी कोडही वाचले जावेत, असे लक्ष्य बारकोडची प्रमाणे ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेने ठेवले आहे. टूडी कोडमध्ये वस्तूच्या क्रमांकाबरोबर बॅच आणि मुदतीची तारीखही बसते. म्हणजे मुदत उलटलेली वस्तू काउंटरवरच अडवता येते.

मात्र नुसता स्कॅनर टूडी असून भागत नाही, सॉफ्टवेअरलाही त्या माहितीची फोड करता आली पाहिजे. जीएस१ च्या मांडणीत प्रत्येक भागाआधी खुणेचे अंक असतात. ०१ नंतर वस्तूचा १४ अंकी क्रमांक, १७ नंतर वर्ष-महिना-दिवस अशी ६ अंकी मुदत, १० नंतर बॅच. बॅचची लांबी ठरलेली नसते, म्हणून तिच्यापुढे आणखी काही असेल तर मध्ये एक न दिसणारे विभाजक चिन्ह घालतात. स्कॅनर कीबोर्डसारखा जोडलेला असेल तर नेमके हेच चिन्ह वाटेत गळते आणि बॅच पुढच्या आकड्यांना चिकटते. त्यावर उपाय असा, की स्कॅनरच्या सेटिंगमध्ये त्या चिन्हाऐवजी एखादे दिसणारे चिन्ह पाठवायला सांगावे आणि सॉफ्टवेअरवाल्याला ते ओळखायला सांगावे. हे खरेदीआधीच विचारून घ्या.

टूडी स्कॅनर भलताच कोड वाचतो. काय करावे?

वेष्टनावर वस्तूच्या बारकोडशेजारी कंपनीच्या वेबसाइटचा क्यूआर छापलेला असतो. कॅमेऱ्याला दोन्ही दिसतात आणि जो आधी वाचला गेला तो बिलाच्या रकान्यात जातो. मग वस्तूच्या क्रमांकाऐवजी लांबलचक पत्ता येतो आणि सॉफ्टवेअर अडते.

मोबाइलचे कूपन वगैरे घेतच नसाल तर क्यूआर वाचणे सरळ बंद करा. घेत असाल तर ‘फक्त मधल्या नेमखुणेवरचा कोड वाच’ ही सेटिंग चालू करा. ती बहुतेक चांगल्या टूडी स्कॅनरमध्ये असते. एकच तोटा आहे, नेम थोडा धरावा लागतो. काउंटरवर उभ्या ठेवलेल्या स्कॅनरला ही सेटिंग लावू नका. तिथे नेम धरायला कुणी नसते.

एकत्र गुंडाळलेल्या सहा बाटल्यांची तऱ्हाही अशीच असते. पारदर्शक प्लास्टिकमधून आतल्या सुट्या बाटलीचा कोड वाचला जातो आणि सहाऐवजी एकाचेच बिल होते. तिथे सेटिंगपेक्षा हाताने आतला कोड झाकणे जास्त खात्रीचे.

हातात धरायचा, स्टँडवरचा, की काउंटरमध्ये बसवायचा?

माल स्कॅनरकडे नेता येतो की स्कॅनर मालाकडे न्यावा लागतो, हे आधी पाहा. पाकिटे, बाटल्या, डबे असा हातात मावणारा माल असेल तर काउंटरवर उभा ठेवायचा स्कॅनर सगळ्यात वेगवान. दोन्ही हात मोकळे राहतात आणि बटण दाबावे लागत नाही. मोठी पोती, रंगाचे डबे, फर्निचर असला माल असेल तर हातातला हवा. दोन्ही प्रकारचा माल असेल तर स्टँडसह येणारा हातातला स्कॅनर घ्या. स्टँडवर ठेवला की तो आपोआप वाचायला लागतो आणि उचलला की बटणावर चालतो. मध्यम आकाराच्या बहुतेक दुकानांना हाच योग्य पडतो.

आडवी आणि उभी अशा दोन काचा असलेला, काउंटरमध्ये खोचून बसवायचा स्कॅनर मोठ्या सुपरमार्केटसाठी असतो. ग्राहकांची रांग सतत असेल आणि एकेका बिलात भरपूर वस्तू असतील तरच तो परवडतो. काहींमध्ये वजनकाटाही असतो. त्यासाठी काउंटर कापावा लागतो, म्हणून मापे आधी घ्या आणि सुतार नंतर बोलवा.

स्टँडच्या स्कॅनरची जागा ठरवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ती म्हणजे त्याच्यासमोर काय येते. समोर बारकोड असलेली वस्तू मांडून ठेवली असेल तर तो मधूनमधून आपणहून बीप करतो आणि कुणाच्या तरी बिलात एक वस्तू वाढते. थेट ऊन किंवा झगझगीत दिवा भिंगासमोर असला तरी वाचन बिघडते.

वायरलेस घ्यावा का?

गरज असेल तरच. काउंटरवर एका जागी बसून बिल करायचे असेल तर वायरचा स्कॅनर बरा. त्याला चार्जिंग नाही, जोडणी तुटणे नाही, आणि कुणी खिशात घालून नेत नाही. ट्रॉलीतला जड माल जागेवरच स्कॅन करायचा असेल किंवा फळ्यांवरच्या मालाची मोजणी करायची असेल तेव्हा वायरलेसला पर्याय नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. ब्लूटूथ क्लास २ चा पल्ला मोकळ्या जागेत सुमारे १० मीटर आणि क्लास १ चा सुमारे १०० मीटर सांगितला जातो, पण लोखंडी रॅक आणि भिंती मध्ये आल्या की तो बराच घटतो. मोजणीसाठी घेत असाल तर पल्ल्याबाहेर गेल्यावर वाचलेले कोड स्वतःकडे साठवणारा घ्या. आणि बॅटरी बदलता येणारी हवी, कारण लिथियम बॅटरीची ताकद वापराने कमी होतच जाते.

दोन काउंटरांवर एकसारखे वायरलेस स्कॅनर असतील तर प्रत्येक स्कॅनर आणि त्याचा संगणकाला जोडलेला तळ यांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावा, दुसऱ्या जोडीला वेगळ्या रंगाची. अदलाबदल झाली की एका काउंटरवर स्कॅन केलेला साबण दुसऱ्या काउंटरच्या बिलात जातो, आणि दोन्हीकडे गोंधळ होईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

माहितीपत्रकातले आकडे कसे वाचावेत?

आधी ‘मिल’. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. हे कोडमधल्या सर्वांत बारीक पट्टीचे माप. सर्वसाधारण मालावरचा ईएएन-१३, म्हणजे १३ अंकी रेघांचा कोड, मूळ मापात छापला तर ती पट्टी ०.३३ मिमी, म्हणजे १३ मिल असते. दागिने, लिपस्टिक, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग यांच्यावरची लेबले ५ मिलपर्यंत बारीक असू शकतात. वाचनाचे अंतर कायम मिलसोबतच वाचायचे. १३ मिलचा कोड ३० सेंमीवरून वाचणारा स्कॅनर ५ मिलचा कोड तेवढ्यावरून वाचेलच असे नाही. पल्ल्याचा जवळचा आकडाही बघा. रुंद कोड अगदी जवळ धरला तर चित्रात मावत नाही.

सेन्सरचे रिझोल्यूशन: किराणा, कपडे, स्टेशनरी यांना ६४० × ४८० पुरते. बारीक किंवा दाट टूडी कोड असतील तर १२८० × ८०० च्या आसपासचा घ्या.

शटर: हा शब्द माहितीपत्रकात कोपऱ्यात दडलेला असतो, पण काउंटरवर उभ्या ठेवायच्या स्कॅनरसाठी तो महत्त्वाचा. ग्लोबल शटर पूर्ण चित्र एकाच क्षणी घेतो. रोलिंग शटर ओळीओळीने घेतो, त्यामुळे सरकत्या वस्तूच्या पट्ट्या तिरक्या होतात. वस्तू स्कॅनरसमोरून झरझर फिरवायची असेल तर ग्लोबलच हवा.

‘सेकंदाला इतके स्कॅन’ या आकड्याकडे दुर्लक्ष करा. तो स्कॅनर आतल्या आत किती वेळा प्रयत्न करतो ते सांगतो, बिल किती लवकर होईल ते नाही. त्याऐवजी सरकती वस्तू किती वेगापर्यंत वाचता येते, तो आकडा शोधा.

पडणे सोसण्याची क्षमता काँक्रीटवर किमान १.५ मीटर असावी. काउंटरवरून पडणे त्याहून कमी उंचीचे असते, पण उभ्या माणसाच्या हातातून पडणे तेवढेच भरते. आयपी क्रमांक धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. त्याचा पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. नेहमीच्या दुकानाला आयपी४२ चालतो. पीठ, मसाले, सिमेंट किंवा मासळीचा ओला काउंटर असेल तर आयपी५४ च्या खाली जाऊ नका.

संगणकाला कसा जोडायचा? ड्रायव्हर लागतो का?

बहुतेक यूएसबी स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणून ओळख देतात. ड्रायव्हर लागत नाही. कर्सर जिथे असेल तिथे आकडे टाइप होतात आणि शेवटी एंटर दाबला जातो. सोय मोठी आहे, पण कर्सर भलत्याच रकान्यात असेल तर वस्तूचा क्रमांक नगांच्या किंवा रकमेच्या जागी जाऊन बसतो. बिलिंग सॉफ्टवेअर कर्सरची पर्वा न करता स्कॅन ओळखत असेल तर उत्तमच.

दुसरा मार्ग आभासी सीरियल पोर्टचा. त्यात स्कॅनची माहिती थेट सॉफ्टवेअरकडे जाते आणि कर्सर कुठेही असला तरी फरक पडत नाही. मघाचे न दिसणारे विभाजक चिन्हही सुरक्षित पोहोचते. सॉफ्टवेअर हे चालवून घेत असेल तर हाच मार्ग निवडा. जुन्या बिलिंग यंत्राला आरएस-२३२, म्हणजे जुन्या पद्धतीची सीरियल जोडणी, लागत असेल तर त्यासाठी वेगळी केबल आणि बहुधा वेगळा वीजपुरवठाही लागतो. ते एकत्रच मागवा.

स्कॅनर थेट संगणकाच्या पोर्टला जोडा. विजेची वेगळी जोडणी नसलेल्या यूएसबी हबवर प्रिंटर, कीबोर्ड आणि स्कॅनर एकत्र लावले की वीज अपुरी पडते. स्कॅनर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सुरू होतानाचा सूर पुन्हा पुन्हा वाजतो.

टॅब्लेटला ब्लूटूथने जोडला तर पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो, कारण टॅब्लेटच्या लेखी खरा कीबोर्ड जोडलेला असतो. तो परत आणण्याची सोय स्कॅनरमध्ये असते, बहुधा बटण दोनदा दाबून. पुस्तिकेत पाहून घ्या.

बीप होतो, पण पडद्यावर चुकीचे किंवा काहीच येत नाही.

आधी नोटपॅड उघडून त्यात स्कॅन करा. तिथे बरोबर आले तर स्कॅनर निर्दोष आहे, दोष सॉफ्टवेअरच्या बाजूला शोधा. तिथेही चुकले तर लक्षणावरून कारण ओळखता येते.

अक्षरांच्या जागी मात्रा आणि वेलांट्या उमटत असतील तर संगणकावर मराठी कीबोर्ड चालू राहिला आहे. स्कॅनर फक्त ‘अमुक कळ दाबली’ एवढेच सांगतो, त्या कळीचे अक्षर संगणक ठरवतो. काही कीबोर्ड मांडण्यांत अंकही देवनागरी होतात. ते दिसायला बरोबर दिसतात, पण शोधात वस्तू सापडत नाही. बिलाच्या संगणकावर इंग्रजी मांडणी ठेवा.

लहान-मोठी इंग्रजी अक्षरे उलटी येत असतील तर कॅप्स लॉक पाहा.

सुरुवातीचे शून्य गळत असेल तर यूपीसी-ए या अमेरिकी मालावरच्या कोडची सेटिंग पाहा. तो १२ अंकी असतो. काही स्कॅनर तो तसाच पाठवतात, काही पुढे शून्य लावून १३ अंकी करतात. सॉफ्टवेअरमध्ये जसा साठवला असेल तसाच स्कॅनरने पाठवला पाहिजे. शून्य एक्सेलमधून माल भरताना गळले असेल तर तो रकाना आधी ‘मजकूर’ प्रकारचा करा. संख्या म्हणून ठेवलेला १३ अंकी क्रमांक एक्सेल घातांकाच्या रूपात दाखवतो आणि तसाच दुसरीकडे गेला तर शेवटचे अंक कायमचे जातात.

मधलेच अंक गळत असतील तर संगणक मंद आहे आणि स्कॅनर त्याच्या मानाने भरभर टाइप करतो आहे. दोन अक्षरांमधला विलंब वाढवा. काही मिलिसेकंदांनी काम होते.

आकडे येतात पण वस्तू बिलात चढत नाही? शेवटचा एंटर जात नाही. काही मॉडेलांत फॅक्टरी रीसेट केल्यावर असे होते.

एकच वस्तू दोनदा बिलात येते.

आपोआप वाचणाऱ्या स्कॅनरमध्ये ‘तोच कोड पुन्हा वाचण्याआधी किती थांबायचे’ ही सेटिंग असते. ती अर्धा सेकंद असेल आणि बिल करणारा वस्तू समोर थोडी रेंगाळवत असेल तर दोनदा नोंद होते. एक सेकंदाच्या आसपास ठेवा. पण फार वाढवली तर उलटे होते. एकाच प्रकारची दोन पाकिटे पाठोपाठ नेली की दुसरे पाकीट मोजलेच जात नाही, आणि हा तोटा दुकानाचा. एकसारख्या वस्तू असतील तर एकदाच स्कॅन करून नग कीबोर्डवरून टाकावेत, ही सवय सेटिंगपेक्षा भरवशाची.

बाहेरचा माल झटक्यात वाचतो, आमची स्वतःची लेबले मात्र वाचत नाहीत.

मग स्कॅनर बदलू नका. दोष छपाईत आहे, आणि बहुतेक वेळा तो ठिपक्यांच्या हिशेबात असतो.

दुकानांत सर्रास वापरला जाणारा २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) लेबल प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके छापतो, म्हणजे एक ठिपका ०.१२५ मिमी. बारीक पट्टीची रुंदी पूर्ण ठिपक्यांतच भरली पाहिजे. ईएएन-१३ मध्ये दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून बारीक पट्टीच्या रुंदीएवढे ११३ भाग असतात. दर भागाला ३ ठिपके दिले तर रुंदी होते ४२.४ मिमी. २ ठिपके दिले तर २८.२५ मिमी, पण मग कोड मूळ मापाच्या ७६ टक्केच उरतो आणि प्रमाणातली सर्वसाधारण किमान मर्यादा ८० टक्के आहे. आता ३८ मिमी रुंद लेबल घेऊन त्यात ईएएन-१३ ‘मावेल तसा’ बसवला की सॉफ्टवेअर तो चित्रासारखा दाबते. काही पट्ट्या २ ठिपक्यांच्या होतात, काही ३ च्या. डोळ्यांना काही कळत नाही, पण पट्ट्यांचे प्रमाण बिघडलेले असते आणि स्कॅनर चाचपडतो.

यातून सुटायचे मार्ग असे. लेबल ५० मिमी रुंद घ्या. किंवा ३०० डीपीआयचा प्रिंटर घ्या, त्यात ४ ठिपक्यांनी कोड ३८.३ मिमीत बसतो, म्हणजे लेबल ३८ मिमीहून थोडेच रुंद लागते. किंवा दुकानापुरत्या मालासाठी ईएएन-१३ चा हट्टच सोडा. कोड १२८ या रेघांच्याच दुसऱ्या प्रकारात अंकांच्या जोड्या एकत्र बसतात. ८ अंकी क्रमांक कोऱ्या जागेसकट ९९ भागांत होतो, म्हणजे २ ठिपक्यांनी सुमारे २५ मिमी. छोट्या लेबलासाठी आम्ही हाच सुचवू. कोणताही कोड असो, तो प्रिंटरच्या स्वतःच्या बारकोड आज्ञेने छापा, चित्र म्हणून चिकटवू नका.

कोऱ्या जागेवर नाव किंवा किंमत छापण्याचा मोह आवरा. ईएएन-१३ ला डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ भाग कोरे हवेत, मूळ मापात अनुक्रमे ३.६ आणि २.३ मिमी. ही जागा खाल्ली की कोड कुठे सुरू होतो हे स्कॅनरला कळत नाही.

रंगाची गोष्ट वेगळीच. बरेच स्कॅनर लाल उजेड पाडतात, आणि लाल उजेडात लाल, नारिंगी पट्ट्या पांढऱ्या कागदावर दिसेनाशा होतात. पट्ट्या काळ्या, गडद निळ्या किंवा गडद हिरव्या ठेवा आणि पार्श्वभूमी पांढरी. चकचकीत लेबल असेल तर स्कॅनर सरळ समोर न धरता दहा-पंधरा अंश कलता धरा.

छापलेल्या लेबलांवर फीडच्या, म्हणजे कागद सरकण्याच्या, दिशेने एकसारखी पांढरी रेघ दिसत असेल तर प्रिंटर हेडचा एखादा ठिपका जळाला आहे. हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहा, कधीकधी नुसता चिकटा असतो. खरेच जळाले असेल तर नवे हेड येईपर्यंत बारकोड ९० अंशांत फिरवून छापा. पट्ट्या फीडला समांतर असतात तेव्हा ती रेघ एखादी पट्टीच खाऊन टाकते. फिरवल्यावर ती सगळ्या पट्ट्यांना आडवी छेदते, आणि स्कॅनर तिच्या वरून किंवा खालून वाचून घेतो. लहान व्यासाच्या गोल बाटलीवरही पट्ट्या अशाच, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या हव्यात. नाहीतर कडेच्या पट्ट्या वळणाआड जातात.

आणि थर्मल कागदावरचे रिबनशिवायचे लेबल उन्हात, उष्णतेत आणि तेलकट हातांनी फिके पडते. फळीवर महिनोन्महिने राहणाऱ्या मालाला रिबनने छापलेले लेबल लावा.

वजनाच्या मालाचा बारकोड कसा काम करतो?

काटा लेबल छापतो तेव्हा त्यात वस्तूचा क्रमांक आणि वजन, किंवा रक्कम, दोन्ही भरतो. २० ते २९ ने सुरू होणारे ईएएन-१३ क्रमांक अशा दुकानाअंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. उदाहरणार्थ २१२३४५००१२५०३ असा कोड घ्या. त्यात २१ ही वजनी मालाची खूण, २३४५० वस्तूचा क्रमांक, ०१२५० म्हणजे १.२५० किलो आणि शेवटचा ३ हा तपासणी अंक.

तपासणी अंक हाताने काढून बघता येतो. डावीकडून विषम जागांवरच्या अंकांची बेरीज २+२+४+०+१+५ = १४. सम जागांची १+३+५+०+२+० = ११, तिची तिप्पट ३३. एकूण ४७. पुढच्या दशकापर्यंत, म्हणजे ५० पर्यंत ३ कमी. म्हणून ३.

स्कॅनरच्या दृष्टीने हा साधा ईएएन-१३ आहे, फोड सॉफ्टवेअर करते. काटा आणि सॉफ्टवेअर यांत मांडणी एकच ठरलेली असली पाहिजे. एकाकडे वजन आणि दुसऱ्याकडे रक्कम ठरलेली असेल तर १.२५० किलोचे १२.५० होतात आणि पहिल्याच बिलात भांडण होते.

बारकोडमध्ये किंमत असते का?

वरच्यासारखे दुकानाअंतर्गत लेबल सोडले तर नाही. असतो फक्त वस्तूचा क्रमांक, किंमत सॉफ्टवेअरमधून येते. बीप झाला आणि किंमत चुकली, तर स्कॅनरला बोल लावू नका.

सगळे कोड चालू ठेवलेले बरे का?

नाही. जे लागतात तेवढेच चालू ठेवा. बहुतेक दुकानांना ईएएन-१३, ईएएन-८, यूपीसी-ए, यूपीसी-ई, कोड १२८ आणि गरजेप्रमाणे क्यूआर व त्याच्यासारखाच चौकोनी डेटा मॅट्रिक्स पुरतात. आयटीएफ हा खोक्यांवरचा कोड विशेष सांभाळायचा. त्याची रचना अशी आहे, की स्कॅनरची तिरकी रेघ अर्ध्यातून गेली तरी तुकडाच एक पूर्ण, वैध कोड म्हणून वाचला जाऊ शकतो. लागत असेल तर लांबी १४ अंकांवर पक्की करा, लागत नसेल तर बंद करा. पुस्तके आणि नियतकालिके विकत असाल तर मुख्य कोडशेजारचा २ किंवा ५ अंकी जोडकोड वाचण्याची सेटिंग चालू करा. नाहीतर मासिकाचे सगळे अंक एकाच क्रमांकाखाली जमा होतात.

सेटिंग बदलायची कशी?

पुस्तिकेतले खास बारकोड स्कॅन करून. एका पानावर खूप असतात, म्हणून शेजारचे हाताने झाका. झेब्राचे १२३स्कॅन, हनीवेलचे ईझेडकॉन्फिग, डेटालॉजिकचे अलाडिन अशी मोफत साधनेही आहेत. त्यांतून सगळ्या सेटिंग एकत्र करून एका कागदावर छापता येतात. तो कागद गल्ल्याच्या खणात ठेवा. स्कॅनर बिघडला, बदलला किंवा कुणी रीसेट केला, तरी दोन मिनिटांत काउंटर सुरू होतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने भागणार नाही का?

दिवसाला मोजकी बिले असतील किंवा कधीमधी मालमोजणी करायची असेल तर भागते. रांग लागणाऱ्या काउंटरवर नाही. फोकस जुळायला लागणारा वेळ प्रत्येक वस्तूमागे जातो, फोन तापतो, बॅटरी उतरते आणि मध्येच फोन येतो.

लेझर डोळ्यांना घातक आहे का?

दुकानातले लेझर स्कॅनर बहुधा क्लास २ चे, १ मिलिवॉटपर्यंतचे असतात. चुकून नजर गेली तर डोळा आपोआप मिटतो, तेवढे संरक्षण पुरते. मुद्दाम टक लावून पाहू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

घेण्याआधी चाचणी कशी करावी?

विक्रेत्याच्या नमुना कागदावर नाही, आपल्या मालावर. दुकानातल्या सगळ्यात त्रासदायक वस्तू गोळा करा. फ्रीजमधून काढलेली, दव धरलेली बाटली, चुरगळणारी चिप्सची पिशवी, बारीक लिपस्टिक, चकचकीत डबा, स्वतः छापलेले जुने फिके लेबल, मोबाइलवरचे कूपन, पिशवीत गुंडाळलेला कपडा.

१. स्वतःचा संगणक, स्वतःचे सॉफ्टवेअर आणि काउंटरवरचाच उजेड वापरा.
२. प्रत्येक वस्तू दहा वेळा स्कॅन करा. पहिल्याच प्रयत्नात किती वेळा वाचली ते लिहून ठेवा.
३. आलेला क्रमांक छापलेल्या अंकांशी ताडून पाहा. न वाचणे परवडते, चुकीचे वाचणे नाही.
४. रोज बिल करणाऱ्याच्या हातात एक पूर्ण दिवस द्या. वजन, बटणाचा कडकपणा आणि बीपचा आवाज यांवर त्याचे मत मालकाच्या मतापेक्षा जास्त धरा.

किती घ्यावेत आणि सोबत काय?

काउंटर जितके तितके, आणि वर एक, तोही त्याच मॉडेलचा. शिवाय एक जादा केबल. वायरच्या स्कॅनरमध्ये केबल आधी जाते, यंत्र नंतर.

निगा कशी राखावी? बंद पडला तर काय बघावे?

काच आठवड्यातून एकदा मऊ कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. फवारा थेट स्कॅनरवर मारू नका, अमोनियाचे काच-क्लीनर वापरू नका आणि कागदाने खसखसून घासू नका. बारीक ओरखड्यांनी चित्र धूसर होते आणि मग फक्त चांगलेच कोड वाचले जातात. केबल काउंटरच्या कडेवरून ताणून टाकू नका, पकडीपाशी तिला सैल वळण द्या.

बंद पडला तर क्रमाने बघा. दिवा लागतो का? नसेल तर दुसरे पोर्ट, मग दुसरी केबल. बऱ्याच मॉडेलमध्ये केबल पकडीच्या तळाशी एका खटक्यात बसलेली असते. शेजारच्या बारीक छिद्रात कागदाला लावायची क्लिप सरळ करून दाबली की ती निघते. दिवा लागतो, उजेड पडतो, पण वाचत नाही? काच पुसून धडधाकट वेष्टनावरचा साधा ईएएन-१३ लावून बघा. तो वाचला तर हवा असलेला कोड चुकून बंद केला गेला आहे का ते तपासा. तोही वाचला नाही तर फॅक्टरी रीसेट करा आणि खणातला सेटिंगचा कागद स्कॅन करा. एवढ्यानंतरही गप्प असेल तर दुरुस्तीला द्या आणि जादाचा स्कॅनर लावा.